जुना सेफ्टी रेझर दाढीला घ्यायच्या आधी: अगोदर घाण काढा, जंतूंचं त्यानंतर

खानापूरच्या एका भावाने विचारलंय. त्याच्याकडे दोन जुने सेफ्टी रेझर आहेत. एक आजोबांचा, ते मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि ते गेल्यापासून त्यांची ट्रंक माळ्यावरच होती. दुसरा निपाणीत भंगारवाल्याकडून घेतलेला, खालचा नॉब फिरवला की वरची दोन दारं उघडतात तसला. दोन्हीवर हिरवं चढलंय, साबण वाळून दगड झालाय, आजोबांच्यात तर जुनं ब्लेड तसंच अडकून बसलंय. त्याचा प्रश्न असा की उकळत्या पाण्यात डेटॉल टाकून दोन्ही अर्धा तास ठेवले तर कावीळ, एचआयव्ही, धनुर्वात सगळ्याची भीती जाईल काय आणि मग निर्धास्त दाढी करता येईल काय.

मी बेळगावात उद्यमबागेत निकल-क्रोम प्लेटिंग आणि बफिंगचं, म्हणजे फिरत्या चाकावर घासून चमकवायचं, काम करतो, बरीच वर्षं झाली. मेन काम मशीनच्या पार्टचं, पण गेल्या काही वर्षांत तरुण पोरं परत असले रेझर वापरूलालेत त्यामुळे आजोबा-पणजोबांचे रेझर घेऊन माझ्याकडं येणारे वाढलेत. आणि निर्जंतुक करायचं म्हणाल तर थोरली बहीण सरकारी दवाखान्यात ऑपरेशन थिएटरला सिस्टर होती, तिच्याकडनं मी ते नीट शिकून घेतलंय. त्यामुळे धातू आणि जंतू दोन्ही बाजूंनी सांगतो, जरा लांबेल.

पहिलं म्हणजे प्रश्न थोडा उलटा करूया. तुम्ही विचारताय जंतू कशाने मरतील, पण खरी अडचण ही आहे की जंतूंपर्यंत औषध पोचणार कसं. रेझरवर जो पांढरा-करडा थर दिसतो तो साबण, बोअरच्या पाण्यातला चुना, चामडीचा कोंडा आणि बारीक केस यांचा मिळून झालेला असतो. त्याच्यावर तुम्ही डेटॉल ओता, स्पिरिट ओता, वरचं वर ओलं होतंय, आतलं आत सुकंच राहतंय. शिवाय असली घाण जंतुनाशकाची ताकदच खाऊन टाकते. बहीण म्हणायची की थिएटरमधलं कुठलंही अवजार आधी घासून धुतात मगच ऑटोक्लेव्हला, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायच्या मशीनला, जातं, न धुता कोण टाकत नाही. तेच इथं. ऐंशी टक्के काम कोमट पाणी, भांड्याचा लिक्विड साबण आणि जुना टूथब्रश करतो, स्पिरिट शेवटचं वीस टक्के.

दुसरी गोष्ट म्हणजे दोन्ही रेझरला एकच उपाय करू नका. कुठला धातू आहे आणि आधी कोण वापरत होतं, या दोन गोष्टींवर सगळं अवलंबून आहे.

आधी धातू. आजोबांचा रेझर तीन भागांचा असेल, म्हणजे टोपी, खालची प्लेट आणि दांडा, आणि त्यावर गिलेट मेड इन इंग्लंड असं असेल तर तो बहुतेक टेक असणार. १९३८ पासून आलेलं हे मॉडेल, आपल्याकडच्या जुन्या घरातनं माझ्याकडं सगळ्यात जास्त हेच येतंय. हा पितळेचा असतो आणि वर निकलचा मुलामा. पितळ आणि निकल दोन्ही दणकट, हा पठ्ठ्या बरंच सोसतो. पण काही टेकचा दांडा अ‍ॅल्युमिनियमचा असतो, हातात घेतला की हलका लागतो, लगेच कळतंय. काही रेझरवर सोन्याचं पाणी असतं, पिवळा रंग बघून लोक पितळच समजतात आणि घासून घासून पाणी उडवतात. ते पाणी इतकं पातळ असतं की टूथपेस्टनेसुद्धा जातंय, आणि एकदा गेलं की गेलं. काळी-तपकिरी मूठ असेल तर बेकेलाइट, म्हणजे जुन्या काळचं कडक प्लास्टिक. आणि जस्ताच्या मिश्रधातूचे, ज्याला झामॅक म्हणतात, त्यावर क्रोम असतं, त्याला बारीक फोड आलेले दिसतील आणि टवका उडाला असेल तिथं आत करडा दाणेदार धातू दिसेल. झामॅकचं आत एकदा कुजायला लागलं की त्याला औषध नाही, तसला रेझर मी शोकेसमध्ये ठेवा म्हणून सांगतो. चुंबक लावून बघा, जोरात ओढला तर आत लोखंड-स्टील आहे, नाही ओढला किंवा जेमतेम चिकटला तर पितळ किंवा जस्त.

फिरवून उघडणाऱ्या रेझरचं निराळं आहे. तो पण बहुधा पितळेचाच असतो, पण दांड्याच्या आत एक सळई असते, वर बिजागऱ्या असतात, तिथं वर्षानुवर्षांचा साबण जाऊन बसलेला असतो आणि तो रेझर घरी पूर्ण खोलता येत नाही. कोण पक्कड लावून खालची टोपी उपसायला जाऊ नका. पिळलेली सळई मला पण सरळ करता येत नाही.

आता अडकलेलं ब्लेड. ते आधी काढायचं, पण सुकं असताना जोर लावायचा नाही. कोमट पाण्यात भांड्याचा साबण टाकून अख्खा रेझर तासभर भिजू दे, मग दांडा हाताने फिरवून बघा. नसेल फिरत तर आट्यांच्या तोंडाशी डब्ल्यूडी-४० किंवा शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर उलटा ठेवा. सकाळी जाड फडक्यात किंवा चामड्याच्या पट्टीत धरून फिरवला की बहुतेक सुटतो. दांड्याच्या नक्षीवर उघडी पक्कड लावली तर नक्षीचे दात मोडतात आणि मग हात ओला असताना रेझर निसटतो, म्हणजे धोका वाढवूनच ठेवला. ब्लेड बाहेर आलं की दोन्ही आखूड बाजूंनी धरायचं, धार गंजलेली असली तरी कापते. आणि ते ब्लेड तसंच कचऱ्यात टाकू नका, सकाळी आपला कचरा हाताने उचलणारे पौरकार्मिक असतात, त्यांच्या बोटाला लागतं. एखाद्या पत्र्याच्या डब्याला वर चीर पाडा, जुनी ब्लेडं त्यातच टाकत जा, भरला की टेप लावून वेगळा द्या आणि द्यायच्या वेळी तोंडाने सांगा आत काय आहे ते.

नवीन ब्लेडची काळजी करू नका, किराणा दुकानात पाकिटात मिळणारं साधं दोन्ही बाजूंच्या धारेचं ब्लेड शंभर वर्षांपूर्वीच्या गिलेटला पण बसतं. गिलेटचं पेटंट १९०४ चं, मधल्या भोकांचा आकार पुढं बदलला तरी नवीन ब्लेड जुन्या रेझरवर बसेल असाच ठेवला. आणि हे लक्षात घ्या की चामडीत घुसणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे ब्लेड. ते दर वेळी नवीन कोरं असलं की निम्मी भीती तिथंच संपते. रेझर फक्त ब्लेड धरून ठेवतो आणि वरनं घासला जातो.

धुवायची रीत सांगतो. तीन भागांचा असेल तर सुटा करा, फिरवणारा असेल तर दारं उघडी ठेवा. हाताला सोसेल एवढं गरम पाणी, लिक्विड साबणाचे चार थेंब, तासभर भिजत. मग मऊ ब्रश. प्लेटच्या खालची बाजू, टोपीच्या आतली खाच, आटे, या तीन जागी सगळी घाण दडून असते, वरच्या चकचकीत भागावर वेळ घालवू नका. बिजागरीत ब्रश जात नाही तिथं दातात फिरवायचे बारीक ब्रश मेडिकलमध्ये मिळतात ते वापरा, आणि पाण्यात बुडवूनच नॉब उघड-बंद, उघड-बंद करत राहा, आतनं गढूळ पाणी येताना दिसेल. पाणी बदला, परत करा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच. कंटाळा येतो खरा, पण ह्याला शॉर्टकट नाही. ओळखीचा चष्मेवाला किंवा सराफ असेल आणि त्याच्याकडं अल्ट्रासॉनिक मशीन असेल तर पाच मिनिटांत आतलं सगळं निघतं, फक्त मुलाम्याचे पोपडे सुटत असतील तर त्यात घालू नका, उरलेला मुलामा पण सुटून येतो.

एवढं करून पण पांढरा चुना राहिला असेल, आपल्याकडं बोअरच्या पाण्याने राहतोच, तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून फक्त तेवढ्या जागेवर कापसाने लावा, दोन-तीन मिनिटं, आणि भरपूर पाण्याने धुवा. बुडवून विसरून जायचं नाही. आम्ल मुलाम्याच्या टवक्यातनं आत शिरून पितळेतलं जस्त खातं, मग तिथं गुलाबी डाग पडतात, ते तांबं वर आलेलं असतं. तो डाग पुसला जात नाही, बफ मारूनच काढावा लागतो. अ‍ॅल्युमिनियम आणि झामॅकला आम्ल अजिबात नको, आणि अ‍ॅल्युमिनियमला धुण्याचा सोडा पण नको, सोडा अ‍ॅल्युमिनियम सरळ विरघळवतो.

आणि हात जोडून सांगतो, चिंच, लिंबू-मीठ, राख, रांगोळी, पितळेची भांडी घासायची पावडर यातलं काहीही रेझरला लावू नका. घरात आई-आजी देवाची भांडी चिंचेने लख्ख करतात म्हणून हे पण तसंच करायला लोक जातात. देवाचा तांब्या नुसत्या पितळेचा असतो, रेझरवर निकलचा पातळ पापुद्रा असतो आणि आपल्याला तोच वाचवायचाय. हिरवं जे चढलंय ते तांब्याचे क्षार, तांबं-पितळ ओलीत राहिलं की येतात, आणि खानापूर-जांबोटीकडचा पावसाळा म्हणजे माळ्यावरची ट्रंक चार महिने ओलीच समजा. ते अंगावर, पोटात जाऊ नये, पण साबणाच्या पाण्यात भिजलं की बहुतेक ब्रशनेच निघतं. राहिलंच तर मऊ फडक्यावर थेंबभर मेटल पॉलिश घेऊन बोटाने हलकं फिरवा, तेही फक्त निकलवर आणि एकदाच. सोन्याच्या पाण्यावर तेवढं पण नको, साबणावर थांबा.

हे झाल्यावर मग जंतू.

आजोबांचा रेझर कित्येक वर्षं ट्रंकेत होता. हिपॅटायटिस बी चा, म्हणजे रक्तातनं पसरणाऱ्या काविळीचा, विषाणू वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस टिकतो हे सिद्ध झालंय, एचआयव्ही बाहेर त्याहून नाजूक असतो, पण वर्षानुवर्षं माळ्यावर सुकून पडलेल्या रेझरवर यातलं काही जिवंत राहण्याची भीती मला वाटत नाही. भंगारवाल्याकडच्या रेझरचं तसं म्हणता येत नाही, तो गेल्या आठवड्यापर्यंत कोण वापरत होतं आपल्याला माहीत नाही, म्हणून त्याचं निर्जंतुक जास्त मन लावून करायचं. दाढीतला गजकर्ण, त्वचेवरच्या फोडांचे जीवाणू, हे असल्या रेझरवरनं येण्याची शक्यता कावीळ-एचआयव्हीपेक्षा मला तर जास्त खरी वाटते, आणि त्यांना पण हेच उपाय लागू पडतात.

निकलच्या पितळी टेकला उकळायला हरकत नाही. पातेल्यात तळाला फडकं घाला म्हणजे रेझर आपटत नाही, फिल्टरचं पाणी घ्या म्हणजे परत चुना बसत नाही, आणि खळखळ उकळी फुटल्यापासून वीस मिनिटं. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, इथं पाणी शंभरला नाही, ९७ अंशांच्या आसपास उकळतं, पण वीस मिनिटं धरली तर या कामाला तेवढं पुरेसं आहे. गॅस बंद करून पाण्यातच गार होऊ द्या, तापलेला रेझर नळाखाली धरू नका. डेटॉल मात्र उकळत्या पाण्यात टाकायचं काही कारण नाही. उकळणं स्वतःच काम करतं, डेटॉलने त्यात भर पडत नाही, उलट त्यातलं पाइनचं तेल आणि साबण रेझरवर चिकट बसतात आणि घरभर वास होतो.

सोन्याचं पाणी, बेकेलाइट, प्लास्टिक, झामॅक, अ‍ॅल्युमिनियम यातलं काही असेल तर उकळू नका. अ‍ॅल्युमिनियम उकळत्या बोअरच्या पाण्यात काळं पडतं, बेकेलाइटची चकाकी जाते. फिरवणाऱ्या रेझरला पण मी उकळत नाही, आत चिकटलेलं ग्रीस-साबण उष्णतेने वितळून भलत्या जागी जाऊन बसतं.

अशा सगळ्यांना सत्तर टक्क्यांचं आयसोप्रोपाइल अल्कोहोल, मेडिकलमध्ये आयपीए म्हणून मागा, मी स्पिरिट म्हणतोय ते हेच. नव्याण्णव टक्क्यांचं जास्त जोरदार असेल असं वाटतं पण तसं नाही. जंतूंची प्रथिनं मोडायला अल्कोहोलबरोबर थोडं पाणी लागतंच, आणि नव्याण्णववालं काम व्हायच्या आत उडून जातं. नव्याण्णवचंच मिळालं तर सत्तर मिलीत तीस मिली फिल्टरचं पाणी घाला, झालं. झाकणाच्या काचेच्या बरणीत अख्खा रेझर बुडेल एवढं घ्या, दहा मिनिटं बुडालेला राहिला पाहिजे, आणि फिरवणारा असेल तर मध्ये तीन-चार वेळा आत हात घालून दारं उघड-बंद करा म्हणजे बिजागरीत शिरतं. बेकेलाइट किंवा प्लास्टिकची मूठ असेल तर ती बुडवत बसू नका, कापसाने दोन-तीन वेळा ओली पुसा. नुसतं वरनं फवारून पुसलं तर पाच सेकंदात उडतं, त्याचा उपयोग नाही, आणि सॅनिटायझरचा जेल तर नकोच, त्यातली ग्लिसरीन आत चिकटून राहते. हे काम गॅसपाशी, समई-उदबत्तीपाशी करायचं नाही, वाफ पेट घेते. खिडकी उघडी ठेवा, पोरांना लांब ठेवा.

ब्लीचिंग किंवा फिनेलच्या जातीचं काही वापरू नका. ब्लीचिंगमधलं क्लोरीन निकलला आणि स्टीलला बारीक छिद्रं पाडतं आणि त्या छिद्रात पुढच्या वेळी साबण बसतो, म्हणजे स्वच्छ करायला गेलो आणि घाणीला जागा करून दिली. कुकरमध्ये शिट्ट्या काढायची पण काही जण विचारतात, मुलाम्याचं नुकसान करून घ्यायचं असेल तरच करा.

राहिला धनुर्वात. उकळणं काय आणि अल्कोहोल काय, धनुर्वाताचे बीजाणू याने मरत नाहीत, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. पण तो गंजाने होत नाही. ते बीजाणू मातीत-शेणात असतात, आणि खोल जखमेत हवा लागत नाही तिथं ते वाढतात. दाढीच्या खरचटण्यात ही शक्यता फार कमी, रेझर घासून धुतला आणि ब्लेड कोरं असलं की आणखी कमी. त्याचा खरा उपाय रेझरवर नाही, दंडावर आहे. शेवटचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं उलटली असतील तर आपल्या डॉक्टरांना विचारून डोस घ्या, शेतात काम करणाऱ्याने तर रेझर असो नसो घ्यावाच. आणि कुणाला शुगर असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तोंडावर पिकलेले फोड असतील, त्याने दाढीच्या आधी डॉक्टरांशी बोलावं.

म्हणजे तुमच्यापुरतं असं झालं: आजोबांचा सुटा करून धुवा, निकल-पितळ आहे याची खात्री झाली तर वीस मिनिटं उकळा, दांडा अ‍ॅल्युमिनियमचा निघाला तर तेवढा बाजूला काढून स्पिरिटमध्ये. भंगारातला दुप्पट वेळ धुवा आणि दहा मिनिटं स्पिरिटमध्ये बुडवा, उकळू नका.

दोन्ही पूर्ण सुकल्यावर फिरवणाऱ्याच्या नॉबला आणि बिजागऱ्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. खोबरेल नको, आपल्या थंडीत गोठतं आणि पुढं चिकट होऊन बसतं. मग नवं ब्लेड लावा आणि समोरनं डोळ्यासमोर धरून बघा, दोन्ही बाजूंना ब्लेडची कड सारखीच बाहेर आली पाहिजे. एका बाजूला जास्त आली तर ब्लेड सोडून परत बसवा, तरी तसंच असेल तर प्लेट वाकलीय किंवा एखादं दार वाकलंय. हे बघायला बरेच जण विसरतात. माझ्याकडं जे तोंड कापून घेऊन आले त्यांच्यात जंतूंमुळे आलेला मला कोण आठवत नाही, वाकलेल्या प्लेटमुळे आलेले बरेच आहेत. दाताची प्लेट असेल, म्हणजे कंगव्यासारखी, तर एकेक दात बघा, खाली पडून वाकलेला दात चामडीत रुततो.

पहिली दाढी घाईत नको. जोर अजिबात लावायचा नाही, आजच्या कार्ट्रिजची सवय असलेला माणूस दाबून ओढतो आणि तिथंच कापतो, या रेझरला त्याचं वजनच पुरतं. झाल्यावर पाण्याने धुवून, झटकून, उभा वाळवा, बाथरूमच्या ओल्या कपाटात डबीत कोंडू नका. आणि कितीही स्वच्छ केला तरी एक रेझर एकानेच वापरायचा, भाऊ-भाऊ असला तरी.

आता मुलामा फारच गेलाय, पितळ उघडं पडलंय, म्हणून परत निकल करून घेऊ काय असं पुढं विचाराल म्हणून आत्ताच सांगतो. उघडं पितळ दाढीला चालतं, धुवून वाळवून ठेवलं की काही होत नाही, थोडं काळवंडतं इतकंच. री-प्लेटिंगला आधी बफ मारावा लागतो आणि बफने दांड्यावरची नक्षी, कडांची धार, टोपीवरचं नाव सगळं बोथट होतं. माझा धंदा असून मी दहातल्या आठांना परत पाठवतो. पोपडे उठून चामडीला टोचत असतील, किंवा कुणाला पितळेचा हिरवा डाग त्वचेवर उठत असेल, तेव्हाच घ्या. निकलची अ‍ॅलर्जी असलेल्याने, म्हणजे ज्याला घड्याळाच्या मागच्या झाकणाने किंवा पँटच्या बटणाने खाज उठते त्याने, नुसत्या निकलवर न थांबता वर क्रोम चढवून मागावं, आणि प्लेटिंगवाल्याला नक्षी वाचवून हाताने बफ मारायला आधीच सांगावं, मोठ्या मशीनवर नाही. दारं फिरतात त्या जागी मुलामा जाड बसला तर ती अडकतात, म्हणून फिरवणारा रेझर ज्याने आधी असलं काम केलंय त्याच्याकडंच द्या.